कडुनिंब पाण्यात नको, लसूण खाद्यातून द्या

पेडण्याच्या भाऊंनी विचारलंय की शेजारच्या तळ्यातली वनामी कोळंबी महिनाभराच्या आतच मरायला लागलीय, आतडं रिकामं दिसतं, तर आपल्या तळ्यात आत्ताच कडुनिंबाच्या पाल्याचा काढा ओतून ठेवावा का, अँटीबायोटिक वापरायचं नाही म्हणून. अँटीबायोटिक नको हे शंभर टक्के बरोबर, क्लोरॅम्फेनिकॉल किंवा नायट्रोफ्युरानचा अंश सापडला तरी एक्सपोर्टचा माल परत येतो. पण कडुनिंब पाण्यात ओतू नका, कळकळीने सांगतो. त्यातलं अझाडिरॅक्टिन किडीची कात टाकायची क्रियाच बिघडवतं आणि कोळंबीसुद्धा कात टाकतच वाढते, दोघांचं हार्मोन एकाच जातीचं. झाडाचं आहे म्हणजे निरुपद्रवी असं नसतं हो, सिड (कोळंबीची पिल्लं) सोडायच्या आधी नको असलेले मासे मारायला मोहाची पेंड टाकतात तीही झाडाचीच.

आता शेजाऱ्याचं. पहिल्याच महिन्यात मर, आतडं रिकामं आणि डोक्यातला तपकिरी भाग फिकट, आक्रसलेला असेल तर ईएमएसचा, म्हणजे लवकर मर येण्याच्या रोगाचा, संशय घ्यावा. ही मर व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस या जंतूमुळे होते हे २०१३ मध्ये कळलं, तो जंतू जे विष सोडतो त्याने तो भाग आतून सोलवटतो. पण नक्की काय ते लॅबमध्ये पीसीआर (जंतूच्या डीएनएची चाचणी) केल्यावरच ठरेल, कारण व्हाइट स्पॉट रोग असेल तर तो व्हायरस, तिथे लसूण-हळद काही करणार नाही. आणि आजारी कोळंबी खातच नाही, म्हणून खाद्यातून द्यायचं ते ती धडधाकट असतानाच, मर सुरू झाल्यावर धावपळ करून उपयोग नाही.

लसणाचं असं की पाकळ्या ठेचून दहा मिनिटं तशाच ठेवायच्या, तेवढ्यात जंतू मारणारं अ‍ॅलिसिन तयार होतं, उकळायच्या मात्र नाहीत नाहीतर सगळं फुकट. किलो खाद्याला १० ग्रॅमच्या आसपास घ्या, अंड्याच्या पांढऱ्यात कालवून खाद्याला चोळा, सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी संपवा. मूठभर खाद्य काचेच्या ग्लासात तळ्याच्याच पाण्यात टाकून बघा, लगेच पाणी गढूळ झालं तर लेप धरलेला नाही, तो लसूण कोळंबीच्या पोटात जाणार नाही, तळालाच कुजेल. हळद द्यायची तर फिश ऑइलमध्ये कालवून, ती पाण्यात विरघळत नाही. बाजारातली हर्बल पावडर घेताना घटक लिहिलेले नसतील तर हात लावू नका, आत अँटीबायोटिक निघालं तर माल तुमचाच अडकणार.

तरी माझ्या मते हे सगळं दुय्यम. व्हिब्रिओ पोसतो तो उरलेल्या खाद्यावर आणि तळाच्या काळ्या गाळावर, त्यामुळे चेक ट्रेमध्ये (खाद्य संपलं का बघायला तळ्यात ठेवतात तो ट्रे) खाद्य उरलं की पुढचा फीड कमी करायचाच, मन घट्ट करून. दर आठवड्याला पाणी टीसीबीएस प्लेटवर (व्हिब्रिओ वाढवून बघायची लॅबची प्लेट) लावून घ्या, जंतूंच्या हिरव्या वसाहती वाढताना दिसल्या तर सावध व्हा. पुढच्या पिकाआधी गाळ काढून तळ वाळवा पण खाजनाची (खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीची) माती आहे, वाळली की आंबटपणा वर येतो, पीएच बघूनच चुना टाका.

आणि आज सगळ्यात आधी, शेजाऱ्याने तळं खाली करायला घेतलं असेल तर तुमची मानस (पाणी आत-बाहेर करायचं दार) उघडू नका. त्याची जाळी, बादल्या, चेक ट्रे काही आणू नका. तो पाणी कधी सोडणार ते फोन करून विचारून घ्या.