दाव्यांची संख्या वेगळी, रक्कम वेगळी

प्रश्न : मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. करीत आहे. मोटार विम्याच्या प्रकल्पात मी प्रत्येक पॉलिसीवरील दाव्यांच्या एकूण रकमेला थेट रेषीय समाश्रयण (आकड्यांतून सरळ रेषा बसवण्याची रीत) लावले, पण काही पॉलिसींची अंदाजित रक्कम ऋण येते. माझे काय चुकले?
— एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : चूक आकडेमोडीत नसून प्रतिमानाच्या (मॉडेलच्या) निवडीत आहे. बहुसंख्य पॉलिसींवर वर्षभरात एकही दावा येत नाही आणि जे येतात त्यांत एखादाच फार मोठा असतो. शून्यांनी भरलेल्या, एका बाजूला कललेल्या अशा आकड्यांना सरळ रेषा मानवत नाही. म्हणून दाव्यांच्या संख्येसाठी प्वासों (घटना किती वेळा घडतात ते मांडणारे) आणि एका दाव्याच्या रकमेसाठी बहुधा गॅमा (फक्त धन, एका बाजूला कललेल्या आकड्यांचे) वितरण घेऊन दोन्ही गोष्टी स्वतंत्रपणे मांडण्याची रीत आहे. समजा, एका पॉलिसीमागे वर्षाला सरासरी ०.१ दावा आणि एका दाव्यामागे सरासरी ४०,००० रुपये असतील, तर जोखमीपोटीचा शुद्ध हप्ता ४,००० रुपये होतो. खर्च आणि नफा त्यावर चढतो.

प्वासों वितरणात मध्य (सरासरी) आणि प्रचरण (आकड्यांच्या विखुरलेपणाचे माप) समान असतात. तुमच्या आकड्यांत प्रचरण बरेच अधिक निघाले (सगळेच चालक सारखे जपून गाडी चालवत नाहीत, हे वेगळे सांगायला नको), तर हा जास्तीचा विखुरलेपणा सामावून घेणारे ऋण द्विपद वितरण वापरून पाहावे. संख्याशास्त्रज्ञ नेल्डर आणि वेडरबर्न यांनी १९७२ मध्ये मांडलेल्या सामान्यीकृत रेषीय प्रतिमानांच्या चौकटीत हे सारे करता येते, आणि तिथे लॉग जोडणी घेतली (म्हणजे रेषीय सूत्र सरासरीऐवजी तिच्या लॉगला लावले) की ऋण उत्तर येऊच शकत नाही. सहा महिनेच चाललेली पॉलिसी मात्र अर्ध्या वर्षाची धरावी आणि त्या कालावधीचा लॉग संख्येच्या प्रतिमानात ऑफसेट (गुणक १ वर स्थिर ठेवलेले पद) म्हणून द्यावा; विद्यार्थी हे हमखास विसरतात.