स्टार्ट मेनूतून वर्ड आणि टॅली गायब? फॉरमॅटचं जरा थांबवा

ताई, तुम्ही लिहिलंय की कालपासून स्टार्ट मेनूत वर्ड नाही, टॅली नाही, पण डेस्कटॉपवरच्या पत्राच्या फाइलवर दोनदा क्लिक केलं की ती वर्डमध्ये उघडते. हे वाचून माझा जीव भांड्यात पडला. पत्र उघडतंय म्हणजे वर्ड जागच्या जागी आहे. नुसती दारावरची पाटी निघालीय. तेव्हा "सॉफ्टवेअर उड़ गए, फॉर्मेट मारना पड़ेगा" म्हणणाऱ्या दुकानदाराला तूर्त नको म्हणून सांगा. इंदूरला हे वाक्य पोह्यांवरच्या शेवेसारखं सगळीकडे मिळतं.

मेनूत दिसतो तो शॉर्टकट, म्हणजे मूळ प्रोग्रामचा पत्ता लिहिलेली काही केबींची फाइल. या फाइली दोन ठिकाणी असतात. सगळ्यांसाठीच्या: सी ड्राइव्ह, प्रोग्रामडेटा, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, स्टार्ट मेनू, प्रोग्राम्स. फक्त तुमच्या: सी ड्राइव्ह, यूजर्स, तुमच्या नावाचा फोल्डर, ॲपडेटा, रोमिंग, आणि पुढे मायक्रोसॉफ्टपासून तीच वाट. प्रोग्रामडेटा आणि ॲपडेटा मुळातच लपवलेले असतात, म्हणून आधी फाइल एक्स्प्लोररच्या व्ह्यूमध्ये जाऊन हिडन आयटम्सवर खूण करा.

शॉर्टकट तिथे दिसले आणि चिन्हं फिकट असली, तर ते कुणीतरी लपवलेत. सगळे निवडा, राइट क्लिक, प्रॉपर्टीज, हिडनची खूण काढा. चिन्हं ठळक आहेत पण मेनू रिकामाच, तर बिघाड मेनूचा आहे. मशीन रीस्टार्ट करून बघा.

फोल्डरच रिकामे निघाले तर मात्र एक गोष्ट पाळा: टेम्प, म्हणजे विंडोजच्या तात्पुरत्या फाइलींचा फोल्डर, साफ करू नका, नको त्या फाइली पुसणारा कुठलाही क्लीनर चालवू नका. मी हे पोळून शिकलोय. २०११च्या सुमाराला "हार्ड डिस्क खराब झाली, दुरुस्तीचे पैसे भरा" अशा खोट्या सूचना देणारे व्हायरस फिरत होते. ते फाइली लपवायचे आणि मेनूतले शॉर्टकट उचलून टेम्पमधल्या एसएमटीएमपी नावाच्या फोल्डरात टाकायचे. रामबागेतल्या एका काकांचं मशीन माझ्याकडे आलं. मी मोठ्या हुशारीने आधी टेम्प झाडून काढला आणि मग शॉर्टकट शोधत बसलो! काकांनी चहा पाजला, पण मला तो गेला नाही. पुढचे दोन दिवस एकेक पाटी हाताने लावली.

व्हायरसच असतो असंही नाही. १३ जानेवारी २०२३ ला मायक्रोसॉफ्टच्याच डिफेंडर या अँटिव्हायरसच्या एका सदोष अपडेटने शॉर्टकट पुसले होते. फटका बसला तो ऑफिस मॅक्रोंना (वर्ड-एक्सेलच्या फाइलींत दडलेल्या छोट्या प्रोग्रामना) अडवणारा एक खास नियम चालू ठेवलेल्या कंपन्यांच्या मशीनना. प्रोग्राम तेव्हाही शाबूत होते.

आता पाट्या परत लावायच्या. वर्डसाठी विंडोजचं बटण धरून आर दाबा आणि चौकटीत डब्ल्यू-आय-एन-डब्ल्यू-ओ-आर-डी टाइप करून एंटर मारा. वर्ड उघडलं की खाली टास्कबारवर राइट क्लिक करून पिन करा, निदान आजचं काम अडणार नाही. मग सेटिंग्जमध्ये ॲप्सच्या यादीत ऑफिस शोधा, मॉडिफाय, क्विक रिपेअर. त्याला नेट लागत नाही. टॅलीसाठी तिचा फोल्डर उघडा. तो सहसा प्रोग्राम फाइल्समध्ये असतो. टॅलीच्या मूळ प्रोग्रामच्या फाइलवर राइट क्लिक करून सेंड टू, डेस्कटॉप करा. विंडोज ११ वर आधी शो मोअर ऑप्शन्स दाबावं लागतं. डेस्कटॉपवर आलेला शॉर्टकट कॉपी करून वर सांगितलेल्या, सगळ्यांसाठीच्या प्रोग्राम्स फोल्डरात टाका. परवानगी मागेल, द्या.

एक शंका राहतेच. वॉलपेपरही बदललाय का? डेस्कटॉपवरच्या बाकीच्या फाइली गेल्यात का? तसं असेल तर विंडोजने तुम्हाला तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये, म्हणजे तुमच्या नेहमीच्या खात्याऐवजी एका कोऱ्या खात्यात, बसवलं असणार. तिथे डेस्कटॉपवर ठेवलेलं साइन आउट केलं की जातं, म्हणून आज केलेलं काम आधी पेनड्राइव्हवर घ्या. मग यूजर्समध्ये टेम्प नावाचा फोल्डर दिसतो का बघा आणि इथेच कळवा; त्याची दुरुस्ती वेगळी आहे. टॅलीच्या डेटाची कॉपी मात्र काही झालं तरी आजच काढा.