सप्लायर सुधारायचा असेल तर आधी त्याच्या शॉपफ्लोअरवर जा

भावा, सप्लायर सांभाळायची नवीन जबाबदारी मिळाली म्हणून पहिल्याच दिवशी सगळ्या सप्लायरना रिजेक्शनचे आकडे मेल करत बसू नकोस. कोल्हापूरजवळ शिरोलीला किंवा गोकुळ शिरगावला ज्या फाउंड्रीत आपलं कास्टिंग (वितळलेला धातू साच्यात ओतून केलेला पार्ट) ओततात, तिथं जाऊन उभा राहा. एकच पार्ट धर, ज्याचं रिजेक्शन सगळ्यात जास्त आहे तो.

ब्लोहोल (कास्टिंगमध्ये वायू अडकून राहिलेली पोकळी) म्हटलं की सगळे साच्याच्या वाळूतल्या ओलाव्यावर खापर फोडतात. पण कोअर (पार्टच्या आतली पोकळी तयार करणारा वाळूचा गाभा) नीट भाजला नसेल, व्हेंट (वायू बाहेर जायच्या वाटा) बुजलेले असतील किंवा धातू थंड ओतला असेल तरी तोच दोष दिसतो. म्हणून हीट नंबर (एका वेळी वितळवलेल्या धातूला दिलेला नंबर) आणि शिफ्टप्रमाणे नोंद ठेवायला लाव. आपल्याकडं मशीनिंगला दोष सापडला की त्याच दिवशी हीट नंबरसकट फोटो गेला पाहिजे. महिन्याच्या मीटिंगपर्यंत थांबलास तर तोवर त्याच चुकीचा ढीग ओतून झालेला असतो.

आता आपली बाजू. लहान उद्योगाला लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावेत, असं २००६ चा एमएसएमईडी कायदा (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीचा) सांगतो. बिल अडकवून त्याच्याकडून नवं वाळू-तपासणी यंत्र मागायचं, हे मला अजिबात पटत नाही. अकाउंट्सच्या मागं तू स्वतः लाग.

आणि रिजेक्शन कमी झालं की लगेच रेट कापायला धावू नकोस. त्या बचतीतला वाटा त्यालाही मिळू दे, नाहीतर पुढच्या वेळी तो खरी माहिती तुझ्यासमोर ठेवणार नाही.