एकाच पक्षाचे इच्छुक टीव्हीवर एकमेकांशी का भांडतात? अमेरिकेतल्या अध्यक्षपदाच्या प्रायमरीच्या, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानाच्या, पहिल्या डिबेटला खरंच काही अर्थ असतो का?

तुमचा मुद्दा असा की पहिल्या मतदानाला सात-आठ महिने असताना एकाच पक्षाचे दहा-वीस जण मंचावर येतात, एकमेकांची उणीदुणी काढतात, आणि जो त्या रात्री गाजतो तो पुढे जिंकतोच असंही नाही. मग हा खटाटोप कशासाठी?

गाजणारा जिंकत नाही, हे खरं आहे. तरीही सगळ्या प्रायमरीत मला सर्वांत मोलाची वाटते ती पहिलीच डिबेट. का, ते डेमोक्रॅटिक पक्षाच्या जून 2019 मधल्या मायामीच्या डिबेटवरून सांगते. दोन्ही रात्री मी ती पूर्ण पाहिली होती आणि तिचे पडसाद पुढे 2024 पर्यंत ऐकू येत राहिले.

मी न्यू जर्सीत राहते. आमची प्रायमरी जूनमध्ये, म्हणजे जवळजवळ सगळ्यांच्या शेवटी असते. 2020 साली कोविडमुळे ती 7 जुलैला गेली. बायडन यांच्यासमोर उरलेले बर्नी सँडर्स 8 एप्रिललाच शर्यतीतून बाहेर पडले होते, म्हणजे माझ्या हाती मतपत्रिका येईपर्यंत उमेदवार ठरून गेलेला होता. त्या वर्षी आयोवा, न्यू हॅम्पशर, साउथ कॅरोलायना अशा राज्यांनी आधी मतं दिली आणि आमच्यासारख्यांना उरलेल्यांतून निवडावं लागलं. पक्षात किती प्रकारची माणसं आणि किती प्रकारचे विचार आहेत हे सगळं एकत्र दिसतं ते फक्त पहिल्या डिबेटमध्ये. पुढे पैसा संपतो, पोल घसरतात आणि एकेक जण गळत जातो.

त्या वेळी वीस जण होते. पक्षाने अट ठेवली होती की मान्यताप्राप्त तीन पोलमध्ये किमान 1 टक्का हवा, नाहीतर 65,000 देणगीदार हवेत आणि त्यातही किमान 20 राज्यांत प्रत्येकी 200. 2015 मध्ये रिपब्लिकन पक्षाने पोलमधले पहिले दहा मुख्य डिबेटला घेतले आणि उरलेल्या सात जणांना संध्याकाळी आधीच्या वेगळ्या कार्यक्रमात बसवलं होतं. तो दुजाभाव टाळायला डेमोक्रॅट्सनी चिठ्ठ्या काढल्या आणि 26 व 27 जूनला दहा-दहा जण बोलावले. चिठ्ठ्यांत बायडन, सँडर्स, कमला हॅरिस आणि पीट बुटिजज दुसऱ्या रात्री आले. पहिल्या रात्री मोठं नाव म्हणावं असं एलिझाबेथ वॉरन यांचंच होतं.

उत्तराला 60 सेकंद. दहा जणांत दोन तास वाटले की प्रत्येकाच्या वाट्याला फार थोडं येतं. अँड्र्यू यांगना तर दोन तासांत जेमतेम तीन मिनिटं मिळाली. एवढ्या वेळात धोरण समजावून सांगता येत नाही, हा आक्षेप मला मान्य आहे. पण एवढ्या वेळात एखादा प्रश्न पक्षाच्या गळ्यात मात्र बांधता येतो.

पहिल्या रात्री ते हुलियान कास्त्रो यांनी केलं. ते ओबामांच्या मंत्रिमंडळात गृहनिर्माण मंत्री होते, पोलमध्ये 1 टक्क्याच्या आसपास. कागदपत्रांशिवाय सीमा ओलांडणं हा फौजदारी गुन्हा ठरवणारं कलम 1325 रद्द करा, अशी त्यांची मागणी होती. हे कलम मुळात 1929 च्या कायद्यातून आलेलं. 2018 मध्ये सीमेवर मुलांना आईबापांपासून तोडलं गेलं ते याच कलमाखाली खटले भरून. त्याच आठवड्यात रिओ ग्रांदे नदीत बुडालेल्या एका बाप-लेकीचा फोटो सगळ्या वर्तमानपत्रांत आला होता. कास्त्रोंनी त्याचा उल्लेख केला आणि बेटो ओ'रूर्क यांना सर्वांसमोर थेट विचारलं, तुम्ही हे कलम रद्द करायला का तयार नाही? ओ'रूर्क टेक्ससचे, सीमेवरच्या एल पासोचे, त्या वेळी कास्त्रोंपेक्षा कितीतरी प्रसिद्ध. त्यांना नीट उत्तर देता आलं नाही.

आता दुसरी रात्र पाहा. सूत्रसंचालकांनी त्याच प्रश्नावर दहाही जणांना हात वर करायला सांगितलं आणि बहुतेकांनी केले. बायडन यांचा हात धड वर नव्हता, धड खालीही नव्हता. 1 टक्क्याच्या उमेदवाराने मांडलेला मुद्दा चोवीस तासांत अख्ख्या पक्षाची परीक्षा झाला. कास्त्रो जानेवारी 2020 मध्ये बाहेर पडले, त्यांना एकही मत मिळायच्या आत. तरी त्यांचं येणं फुकट गेलं असं मी कधीच म्हणणार नाही.

हात वर करायला लावण्याची ही पद्धत मला स्वतःला आवडत नाही. हो किंवा नाही, मधलं काही नाही. पण तिच्यामुळे माणूस बांधला जातो. त्याच रात्री विचारलं गेलं की तुमच्या सरकारी आरोग्य योजनेत बेकायदा राहणाऱ्यांनाही संरक्षण मिळेल का, आणि दहाच्या दहा हात वर गेले. ट्रंप तेव्हा जी-20 साठी ओसाकात होते. तिथून त्यांनी लगेच ट्वीट केलं की ही शर्यत इथेच संपली. खासगी विमा बंद करून सगळ्यांना सरकारी योजनेत आणायचं का, यावर पहिल्या रात्री वॉरन आणि न्यूयॉर्कचे महापौर दे ब्लासिओ, तर दुसऱ्या रात्री सँडर्स आणि हॅरिस यांनी हात वर केले. हॅरिस यांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं की प्रश्न आपल्याला वेगळा समजला. पण तो हात लोकांनी पाहिला होता. त्या उन्हाळ्यात आणि पुढे सप्टेंबरमध्ये फ्रॅकिंगवर (जमिनीखालचे खडक फोडून तेल-वायू काढण्यावर) बंदी घालण्याबाबत त्या जे बोलल्या, ते सगळं 2024 च्या प्रचारात त्यांच्यासमोर पुन्हा उभं केलं गेलं.

लोकांना त्या डिबेटमधलं आठवतं ते मात्र हॅरिस आणि बायडन यांचं बोलणं. आधीच्या आठवड्यात बायडन एका कार्यक्रमात म्हणाले होते की वंशभेदाचे कट्टर समर्थक असलेल्या जुन्या सिनेटरांबरोबरही आपण सभ्यपणे काम करू शकत होतो. हॅरिस यांनी सुरुवातीलाच सांगितलं की मी तुम्हाला वर्णद्वेषी समजत नाही. मग त्या बसिंगवर आल्या. 1970 च्या दशकात काळ्या मुलांना गोऱ्या वस्त्यांतल्या शाळांत आणि गोऱ्या मुलांना काळ्या वस्त्यांतल्या शाळांत बसने पाठवून शाळा मिश्र करण्याचा तो प्रयत्न, आणि तरुण सिनेटर बायडन यांनी त्याला विरोध केला होता. कॅलिफोर्नियात एक लहान मुलगी रोज अशा बसने शाळेत जायची, ती मुलगी मी होते, असं हॅरिस म्हणाल्या. बायडन यांनी बचाव केला की माझा विरोध केंद्र सरकारने लादलेल्या बसिंगला होता. मग मध्येच थांबून वेळ संपली म्हणाले.

मला तो क्षण अजून स्पष्ट आठवतो. आठ वर्षं उपाध्यक्ष राहिलेला, पोलमध्ये सगळ्यांच्या पुढे असलेला नेता, आणि त्याच्याच पक्षातली पहिल्यांदा सिनेटर झालेली बाई त्याला 40 वर्षांपूर्वीच्या मताचा जाब विचारते. तोही देशभर, 1 कोटी 81 लाख लोक पाहत असताना. डेमोक्रॅटिक प्रायमरी डिबेटसाठी तो तोवरचा विक्रम होता. आपल्याकडे उमेदवारी दिल्लीत किंवा एखाद्या बंगल्यावर ठरते आणि नाराज माणूस दुसऱ्या दिवशी पक्ष बदलतो. इथे तो जाब उघड्यावर विचारला गेला आणि दोघंही त्याच पक्षात राहिले.

पुढे काय झालं? हॅरिस पोलमध्ये एकदम वर गेल्या. पण आठवड्याभरात त्यांनाच विचारलं गेलं की आज तुम्ही केंद्राकडून सक्तीचं बसिंग आणाल का, आणि त्यांचं उत्तर बायडन यांच्या भूमिकेपासून फार लांब नव्हतं. जुलैच्या अखेरीस डेट्रॉइटच्या डिबेटमध्ये आणखी एक उमेदवार तुलसी गॅबर्ड यांनी त्यांच्या सरकारी वकिलीतल्या कारकिर्दीवर हल्ला चढवला. 3 डिसेंबरला हॅरिस शर्यतीतून बाहेर पडल्या. बायडन आयोवात चौथे, न्यू हॅम्पशरमध्ये पाचवे आले, मग साउथ कॅरोलायनाच्या कृष्णवर्णीय मतदारांनी त्यांना तारलं. ऑगस्ट 2020 मध्ये त्यांनी उपाध्यक्षपदासाठी हॅरिस यांनाच निवडलं, आणि ती निवड करताना बसिंगचा वार त्यांना माहीत नव्हता असं नाही.

पक्षाचं नुकसान होतं का, यावर माझं म्हणणं असं की जखम असतेच, ती घरच्यांनी आधी दाखवलेली बरी. बसिंगचा मुद्दा जून 2019 मध्ये निघाला म्हणून ऑक्टोबर 2020 पर्यंत तो शिळा झाला होता.

मोठं नाव नसलेल्यांसाठीही या मंचाचं मोल आहे, आणि राज्यांतही हेच चालतं. बेळगावचे श्री ठाणेदार 2018 मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत उतरले आणि तिसरे आले. 2022 मध्ये डेट्रॉइटमधून ते काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर, निवडून गेले.

2028 साठी ट्रंप यांना पुन्हा उभं राहता येत नाही, त्यामुळे दोन्ही पक्षांत गर्दी होणार. तेव्हाची पहिली डिबेट पाहायची असेल तर दुसऱ्या दिवशीच्या अर्ध्या मिनिटाच्या क्लिप पाहून थांबू नका, पूर्ण रेकॉर्डिंग पाहा. कोण चमकलं याकडे कमी लक्ष द्या. पोलमध्ये तळाला असलेल्याने कोणता प्रश्न काढला आणि पुढच्या डिबेटमध्ये तो कोणी उचलला, हे लिहून ठेवा. आणि हात वर करायला सांगितलं की पुढे असलेल्या उमेदवाराकडे पाहा, तो आपला हात उचलण्याआधी शेजारी बघतो का.