स्पेनला जातोय, फ्लेमेंकोचा शो बघावा का? की टुरिस्टांना गंडवायचा धंदा आहे?

तुम्ही लिहिलंय की आठ दिवसांत बार्सिलोना, माद्रिद, सेव्हिया करताय, बायको कथक शिकलेली आहे आणि दोघांचे चार-पाच हजार रुपये एका तासाच्या फ्लेमेंकोवर, म्हणजे स्पेनच्या त्या गाणं-गिटार-नाचाच्या प्रकारावर, घालवावेत का. माझं उत्तर, घालवा, पण नाच बघायला जाऊ नका, गाणं ऐकायला जा. हे मला कळायला दोन शो लागले, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

पहिला शो आम्ही बार्सिलोनात बघितला, मी आणि आई. जेवणासकट तिकीट, संग्रिया (फळं घातलेली वाईन) फ्री, नाव सांगत नाही. जेवण थंड, वेटर मधूनमधून समोरून जाणार, माईकवर गिटार इतकी मोठी की पायांचा आवाजच ऐकू येईना, आणि लाल झालरीचा फ्रॉक, कानामागे फूल, सगळं कसं पोस्टकार्डासारखं. आईने एकच वाक्य टाकलं, "लग्नातला ऑर्केस्ट्रा आहे गं हा." आता यात बार्सिलोनाचा दोष नाही, कार्मेन अमायासारखी नर्तकी तिथल्याच वस्तीत जन्मली, पण फ्लेमेंकोचं घर म्हणजे दक्षिणेचा आंदालुसिया, म्हणजे सेव्हिया, हेरेस, कादिस. तुम्ही सेव्हियाला जाताच आहात तर तिथेच बघा, बार्सिलोनातली संध्याकाळ समुद्रावर घालवा.

सेव्हियाला आम्ही छोट्या जागेत गेलो. जुन्या वाड्याचा चौक असतो तसा चौक, लाकडी खुर्च्या, शंभरेक माणसं, जेवण नाही, माईक नाही, समोर गुडघ्याएवढं लाकडी स्टेज. त्या स्टेजवरूनच अशा जागांना ताब्लाओ म्हणतात, फळ्यांचा मंच. एक गायक, एक गिटारवाला, दोन नाचणारे, बस. मला वाटलं पडदा उघडला की ठकाठक पाय सुरू होतील. कसलं काय, पहिली पाच-सात मिनिटं एक पोट सुटलेला, साध्या काळ्या शर्टातला माणूस डोळे मिटून नुसता आक्रोश करत होता. आई कानात म्हणाली, "हा गातोय का रडतोय?" आणि मग गप्प झाली. नंतर म्हणाली की एक शब्द कळला नाही पण घरातलं कोणीतरी गेलंय एवढं कळलं.

तर मूळ गंमत ही आहे की या लोकांसाठी गाणं आधी, मग गिटार, मग नाच. नाचणारी बाई गिटारीवर नाचत नाही, गायकाला उत्तर देते. तो एक ओळ टाकतो, ती थांबते, नुसती हाताची बोटं फिरतात, आणि ओळ संपली की पायांनी हिशोब चुकता करते. तिला पुढचा तुकडा हवा असेल तर ती पायाने एक ठरलेला इशारा देते, त्याला यामादा म्हणतात, म्हणजे हाक, आणि सगळे तिच्या मागे वळतात. म्हणजे बरंचसं तिथल्या तिथे ठरत असतं. आपल्याकडे बैठकीच्या लावणीत बसून अदा करणारी बाई आणि तिच्या शब्दाशब्दावर थांबणारा तबलजी बघितला असेल तर तुम्हाला हे लगेच समजेल.

तालाचं तर बायकोला आवर्जून सांगा. सोलेआ, बुलेरिया वगैरे फ्लेमेंकोच्या प्रकारांत बारा मात्रा असतात, आईने लगेच मांडीवर एकताल धरला आणि तिसऱ्याच आवर्तनाला पाटी कोरी. कारण त्यांचे जोर पडतात ३, ६, ८, १०, १२ वर, म्हणजे आधी तीन-तीन मग दोन-दोन-दोन, आणि तुकडा संपवतात बहुतेकदा दहाव्या मात्रेवर! आपण समेची वाट बघत मान वर करून बसलेलो आणि ते दोन मात्रा शिल्लक ठेवूनच थांबून मोकळे. यामुळेच एक कळकळीची विनंती, टाळ्यांचा ठेका धरू नका. त्या टाळ्या म्हणजे वाद्य आहे, गाणं चालू असताना तळवे खोलगट करून दबक्या मारतात, नाच चढला की कडक मारतात. आमच्या पुढच्या रांगेतल्या काकांनी उत्साहात ठेका धरला तर गायकाने गाता गाता नुसतं बघितलं, काकांचे हात खाली. दाद द्यायची तर 'ओले' म्हणा, पण तेही जागेवर पडलं पाहिजे, आपल्याकडे मैफलीत चुकीच्या ठिकाणी 'वाह' गेली की कसं होतं, तसंच.

बरं, कथकचं. "फ्लेमेंको कथकपासून आलं" असं व्हॉट्सॲपवर फिरतं, ते इतकं सरळ नाही. फ्लेमेंको घडवण्यात मोठा वाटा हितानोंचा, म्हणजे तिथल्या रोमा किंवा जिप्सी लोकांचा, त्यांचे पूर्वज साधारण हजार वर्षांपूर्वी उत्तर भारतातून निघाले हे खरं, पण आजचं कथक दरबारात घडलं ते पुष्कळ नंतर. फ्लेमेंकोत आंदालुसियाची लोकगाणी, अरबी वळणं, सगळं मिसळलंय. एवढंच काय, गिटारशेजारी जी लाकडी पेटी बडवतात, काहोन, ती पेरू देशातली, गिटारवादक पाको दे लुसियाने सत्तरच्या दशकाच्या शेवटी आणली. नातं शोधायचंच तर शब्दांत शोधा, हितानोंच्या बोलीत पाण्याला पान्यी म्हणतात, आणि ते स्वतःला काले म्हणवतात, म्हणजे काळेच की! आणि तो आक्रोश कुठून आला म्हणाल तर १७४९ मध्ये राजाच्या हुकमाने एका मोहिमेत हजारो हितानो पकडून डांबले होते, बायका एकीकडे पुरुष दुसरीकडे. मार्तिनेते नावाचा गाण्याचा प्रकार आहे, लोहारकामातून आलेला, त्याला गिटारसुद्धा नसते, नुसता आवाज, फार तर ऐरणीवरचा हातोडा. ऐकायला मिळाला तर नशीब समजा.

बाकी किरकोळ. तिकीट आम्हाला वीसेक युरोला पडलं, दोन-तीन दिवस आधी ऑनलाइन काढलं. जागा नंबराशिवाय असतील तर अर्धा तास आधी पोचा आणि बाजूची खुर्ची नको, पाय दिसले पाहिजेत. फोटो बहुतेक ठिकाणी शेवटच्या नाचालाच काढू देतात, बरंच आहे. माद्रिदमध्येच बघायचं असेल तर कोराल दे ला मोरेरिया हे ताब्लाओ १९५६ पासूनचं आहे, नावाजलेलं, पण खिसा सांभाळून. ग्रॅनाडा शहर जमलं तर तिथल्या साक्रोमोंते वस्तीच्या गुहांमध्येही असतं, तिथे पाठ अक्षरशः चुन्याच्या भिंतीला टेकते. आणि नाचणारी तरुणच हवी असा हट्ट धरू नका, आमची पन्नाशीची असेल, अर्धा वेळ जवळजवळ उभीच होती, आणि आई अजून तिच्याबद्दलच बोलते.