स्केट स्वस्त, पडणं महाग

फोंड्याहून सत्तावीस वर्षांच्या एका ताईंचं लांबलचक पत्र आलंय. कुंडई औद्योगिक वसाहतीतल्या औषध कंपनीत, पॅकिंग विभागात त्या काम करतात. पगार १९,०००, हातात १७,२३७. वडिलांचं लहानसं कुळागर, त्याचं उत्पन्न सुपारीच्या भावावर. इंग्लंडमधल्या स्विंडनहून परतलेल्या मैत्रिणीने त्यांना रोलर डर्बीची गोडी लावली. आता आठ-दहा जणी दर रविवारी एका शाळेचा हॉल भाड्याने घेऊन खेळतात. जुलैत ओलसर लादीवर चाक सरकलं, घोटा मोडला, आत प्लेट आणि स्क्रू बसले. खासगी हॉस्पिटलचं बिल झालं ८४,०००: चाळीस हजार स्वतःच्या साठ्यातून, चव्वेचाळीस हजार मामांकडून. जानेवारीत बंगळूरुला सराव शिबिर आहे. नवे स्केट २६,०००, पॅड आणि हेल्मेट ७,०००, शिबिर आणि प्रवास १५,००० असा ४८,००० चा हिशेब त्यांनी मांडलाय. एक अ‍ॅप 'शून्य व्याजात' बारा हप्ते करून देतंय. आई म्हणते, स्केट विकून टाक आणि हा नाद सोड. ताईंचा प्रश्न: हप्ते घ्यावेत, पतसंस्थेतली आरडी मोडावी, की आईचं ऐकावं?

तिन्ही नको. आईचं म्हणणं मात्र अर्धं बरोबर आहे, त्याकडे मी येतेच.

हा खेळ न पाहिलेल्यांसाठी दोन ओळी. चार चाकांचे स्केट घालून अंडाकृती ट्रॅकवर दोन्ही संघांच्या पाच-पाच जणी फिरतात. प्रत्येक संघाची एक जॅमर प्रतिस्पर्ध्यांना ओलांडून गुण मिळवते, बाकीच्या चौघी ब्लॉकर खांद्याने आणि कमरेने समोरच्या संघाच्या जॅमरला अडवतात. एक जॅम, म्हणजे खेळाची एक फेरी, जास्तीत जास्त दोन मिनिटांचा, सामना तीस-तीस मिनिटांच्या दोन डावांचा. म्हणजे धक्का हा इथे अपघात नाही, नियमच आहे. पडणार हे गृहीत धरूनच हेल्मेट, माउथगार्ड, कोपर, मनगट आणि गुडघ्याचे पॅड सक्तीचे असतात.

ताई, तुम्ही खर्च लिहिताना स्केटपासून सुरुवात केलीत. मी पडण्यापासून करते. जुलैच्या त्या एका पडण्याचे ८४,००० तर झालेच. कामावर ४७ दिवस गेला नाहीत, त्यातल्या १२ दिवसांची रजा भरून निघाली, ३५ दिवस बिनपगारी: साधारण २२,०००. फिजिओथेरपी ४०० रुपयांनी सोळा वेळा, ६,४००. पायाला प्लास्टर म्हणजे स्कूटर बंद, आणि गोव्यात स्कूटर बंद म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक आहे. रिक्षा आणि टॅक्सीला ३,०००, तेही शेजाऱ्यांनी चार वेळा गाडीतून नेलं म्हणून. बेरीज १,१५,४००. तुमच्या जवळपास सात महिन्यांच्या हातात येणाऱ्या पगाराएवढी. या खेळाची खरी किंमत ही आहे. २६,००० चे स्केट त्यापुढे किरकोळ.

आता तुम्ही पत्रासोबत पाठवलेल्या सॅलरी स्लिपकडे वळू. पीएफ १,६२०, त्याच्या खालची ओळ ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, १४३. या ओळीबद्दल पत्रात एक शब्दही नाही. महिन्याला २१,००० पर्यंत पगार असलेल्यांच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात आणि कंपनी वरून ३.२५ टक्के भरते. तुमच्या नावावर दर महिन्याला जवळपास ७६० रुपये जातात, आणि घोटा मोडला त्या दिवशी तुम्ही सगळं रोखीने भरलंत. तुम्हाला दोष देत नाही. कंपनीत रुजू होताना कार्डाची छापील प्रत हातात देतात आणि ती कपाटात साड्यांखाली जाते. एचआरवालेही फॉर्मवर सही घेण्यापलीकडे काही सांगत नाहीत, निदान माझ्याकडे येणाऱ्यांचा अनुभव तरी तसाच आहे.

ईएसआयमध्ये दोन गोष्टी तुमच्या कामाच्या. एक उपचार: दवाखाना, मडगावचं ईएसआय हॉस्पिटल, गरज पडल्यास पुढे पाठवणं. शस्त्रक्रिया आणि फिजिओ दोन्ही त्यात येतात. दुसरी गोष्ट बहुतेकांना माहीतच नसते, ती म्हणजे आजारपणाचा रोख भत्ता. कामावर नसलेल्या, पगार न मिळालेल्या दिवसांसाठी सरासरी रोजच्या वेतनाच्या ७० टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. दुखापत कामावरच व्हायला हवी अशी अट या भत्त्याला नाही, रविवारी हॉलमध्ये पडलात तरी चालतं. सहा महिन्यांच्या अंशदान कालावधीत ७८ दिवसांचं अंशदान लागतं. तुम्ही अडीच वर्षं सलग नोकरीत आहात, तेव्हा ती अडचण नसावी. पहिले दोन दिवस प्रतीक्षेचे सोडून ३३ दिवसांचे, रोजचे ४४३ धरले तर साधारण १४,६००.

वेळ गेली का? पूर्ण नाही. भत्त्याला ईएसआयच्या डॉक्टरांचा दाखला लागतो, तो तुमच्याकडे नाही. पण खासगी हॉस्पिटलचे कागद पर्यायी पुरावा म्हणून दाखल करता येतात, स्वीकारायचे की नाही ते ईएसआयचं शाखा कार्यालय ठरवतं. तातडीच्या वेळी खासगी हॉस्पिटलात झालेल्या खर्चाचा परतावाही मागता येतो, तोही मंजुरीवर अवलंबून. ८४,००० परत येतील अशा आशेवर एक रुपयाही आधी खर्च करू नका. मागणी मात्र नक्की करा. डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, बिलांच्या मूळ पावत्या, बिनपगारी दिवसांचं कंपनीचं पत्र, बँक पासबुक आणि ईएसआयचा विमा क्रमांक घेऊन या आठवड्यातच जा. सगळ्याची झेरॉक्स घरी ठेवून मगच मूळ कागद द्या आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

हप्त्यांचा प्रश्न एका वजाबाकीत सुटतो. घरी ७,०००, स्कूटरचा हप्ता २,४५०, पेट्रोल १,८००, आरडी २,०००, फोन ३००, हॉलचा वाटा ६००, फिजिओ १,६००. उरतात १,४८७. त्यातून ४,००० चा हप्ता कुठून जाणार? 'शून्य व्याज' असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना सुनावलंय. ते व्याज प्रोसेसिंग फीमध्ये किंवा तुम्हाला न मिळालेल्या सवलतीत दडलेलं असतं. दोन हप्ते चुकले की सिबिल खराब, आणि उद्या घरासाठी कर्ज घ्यायला गेलात की बँकेत या स्केटचा हिशेब द्यावा लागेल.

आरडीचे १९ हप्ते झालेत, ३८,०००. पाच महिने राहिलेत. आता मोडलीत तर व्याजात कात्री लागेल. चालू ठेवा.

आता आईबद्दल. त्यांना खेळ नकोय असं मला पत्रातून वाटत नाही. रात्री अकराला लेकीला स्ट्रेचरवर पाहिल्यावर आणि भावाकडे चव्वेचाळीस हजार मागायला लागल्यावर कुठलीही आई हेच म्हणेल. त्यांची भीती पैशाचीही आहे, आणि ती खरी आहे. जुने स्केट विकून चार-पाच हजार येतील, त्याने मामांचं देणंही फिटणार नाही आणि रविवारही जाईल. ४७ दिवस घरात बसून काढल्यावर तुम्हाला त्या रविवारची किती गरज आहे ते तुमच्याच पत्रातल्या तिसऱ्या पानावर दिसतं. महिन्याला सहाशे रुपयांत एवढं देणारा दुसरा छंद मला सुचत नाही. खेळा, पण अट घालून.

अट अशी: पुढच्या पडण्याचे पैसे आधी बाजूला, मगच धक्काबुक्कीचा खेळ. ईएसआय नीट वापरलंत तर तसंच पडणं खूप स्वस्त पडतं. २२,००० च्या बिनपगारी दिवसांपैकी १४,६०० भत्त्यातून आले तर तूट साडेसात हजारांची. फिजिओ बाहेर घेतली तरी सहा-साडेसहा हजार, ये-जा तीन हजार, औषधं आणि वरखर्च धरा. वीस हजार. मी २५,००० ठरवते, कारण घरचे ७,००० त्या काळातही द्यावे लागतातच. ही रक्कम वेगळ्या बचत खात्यात, एटीएम कार्ड न घेता. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची आरास) आणि फटाक्यांसाठी त्यातून 'तात्पुरते' काढायचे नाहीत. तात्पुरतं काढलेलं पुढच्या चवथीपर्यंत परत येत नाही.

तुमच्याकडे ही रक्कम मार्चअखेर तयार होते. आरडी संपली की ४८,००० आणि व्याज: त्यातले २५,००० या खात्यात, बाकी सगळे मामांना. फिजिओ डिसेंबरात संपते, तेव्हा जानेवारीपासून मामांना दर महिन्याला १,५०० सुरू करा. ते मागत नाहीत म्हणून नाही, तर पुन्हा गरज पडली तर तोंड दाखवता यावं म्हणून. डॉक्टरांनी फेब्रुवारीत तपासणी होईपर्यंत धक्क्याचा खेळ बंद सांगितलाय, असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे मार्चअखेर थांबण्यात खेळाचा फार तर एक महिना जातो. आणि जानेवारीच्या शिबिरात ट्रॅकवर उतरायचा प्रश्नच नव्हता, नाही का? मग २६,००० चे स्केट जानेवारीच्या आत कशाला?

स्केटचं म्हणाल तर तुमच्या जुन्या जोडीची खालची प्लेट तडकलीय, बूट ठीक आहे. मग नुसती प्लेट बदलून मिळते. चाकंही बदला. कडक चाकं गुळगुळीत लादीवर सरकतात, पावसाळ्यात तर हमखास. थोड्या मऊ चाकांची पकड चांगली असते. हेल्मेट नवंच घ्या, मैत्रिणीचं जुनं नको, कारण एकदा जोरात आपटलेल्या हेल्मेटच्या आतला फोम दबलेला असतो आणि बाहेरून कळत नाही. क्रम लावायचा तर हेल्मेट आणि माउथगार्ड, मग गुडघ्याचे पॅड, मग चाकं, मग प्लेट. एप्रिलपासून आरडीचे २,००० मोकळे होतात, त्यातून महिन्याला एकेक.

विम्याबद्दल थोडं. बँकेतून प्रधानमंत्री सुरक्षा विमा घ्या, वर्षाला २० रुपये. पण तो मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी आहे, मोडलेल्या घोट्याला त्यातून काही मिळत नाही. घरचं दीनदयाळ स्वास्थ्य सेवा कार्ड (गोवा सरकारची आरोग्य विमा योजना) संपलंय म्हणालात, तेही नूतनीकरण करून टाका. यादीतल्या प्रक्रियांनाच ते चालतं, पण आई-वडिलांसाठी हाताशी असावं. आणि पुढच्या वर्षी सुपरवायझर होऊन पगार २१,००० च्या वर गेला, तर ईएसआय चालू अंशदान कालावधी संपेपर्यंतच राहतं. त्याआधी स्वतःचा आरोग्य विमा घ्या. वैयक्तिक पॉलिसीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी नाही, तेवढाच दिलासा. अर्जात घोट्यातली प्लेट लिहा, लपवू नका. जुन्या दुखण्याला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागेल, नव्या अपघाताला पहिल्या दिवसापासून संरक्षण असतं. आरोग्य पॉलिसीतल्या धाडसी खेळांच्या कलमाने बहुतेक जणी घाबरतात. ते कलम व्यावसायिक खेळाडू म्हणून भाग घेणाऱ्यांसाठी आहे, रविवारी स्वतःच्या खिशातून हॉलचं भाडं भरणाऱ्यांसाठी नाही. वैयक्तिक अपघात पॉलिसीत मात्र शब्द वेगळे असू शकतात, सही करण्याआधी ते पान वाचा.

राहिलं बंगळूरु. डर्बीला खेळाडूंबरोबर अधिकारीही बरेच लागतात: स्केटवरचे पंच सातपर्यंत, शिवाय स्केट न घालता गुण लिहिणारे, कोण ट्रॅकवर उतरलं याची नोंद ठेवणारे, पेनल्टी बॉक्समधल्या खेळाडूची तीस सेकंदं मोजणारे. आयोजकांना विचारा, शिबिराची फी माफ करून तुम्हाला या कामाला घेतील का. नियम तिथे बसून जितके कळतात तितके जॅमर होऊन कळत नाहीत. ईएसआयचे १४,६०० जानेवारीआधी आले तर दहा हजार मामांना द्या आणि उरलेल्यात रेल्वेचं स्लीपर तिकीट आणि मैत्रिणींबरोबर वाटून राहणं बसवा. पैसे आले नाहीत तर या वर्षी जाऊ नका. काय झालं ते कळवा, विशेषतः शाखा कार्यालयाने कागद घेतले की नाही ते.