ते पिल्लू नाहीये, आणि त्याला सरळ करू नका

तुमची पोस्ट वाचून पोटात गोळा आला. काचेवर आदळलेलं चिमणीएवढं पोपटाचं पिल्लू, शेपूट अजून फुटलेली नाही, मिरची-डाळ ठेवली तर ढुंकून बघत नाही, आणि रात्रीपासून खोक्यात उलटं लटकतंय, आता वाचत नाही वाटतं... सहा वर्षांपूर्वी मी हेच सगळ्यांना फोन करकरून सांगत होते. म्हणून बाकीचं नंतर, आधी एवढंच ऐका: लटकू द्या त्याला. मरत नाहीये, झोपलंय.

(मी डॉक्टर नाही, पक्षीतज्ज्ञ तर अजिबात नाही. एकदा तोंडावर पडले आणि मग वाचत गेले, तेवढंच माझं क्वालिफिकेशन. पंख लोंबत असेल किंवा रक्त दिसत असेल तर खालचं काही वाचत बसू नका, सरळ पक्ष्यांचं समजणारा व्हेट गाठा.)

तुमच्या फोटोत चोच लालभडक आहे, शेपटीच्या मुळापासून कमरेपर्यंत लाल पट्टा आहे आणि शेपूट आखूड पण व्यवस्थित वाढलेली आहे. हा पूर्ण वाढ झालेला पक्षी आहे, व्हर्नल हँगिंग पॅरट, आम्ही आपले लटकन पोपट म्हणतो. एवढासाच असतो तो, 14 सेंटीमीटर. आपला नेहमीचा राघू शेपटीसकट 40 च्या आसपास, त्याचं पिसं फुटलेलं पिल्लूसुद्धा याच्यापेक्षा मोठं दिसतं. पण हे सह्याद्रीत, कोकणात असतात हेच बऱ्याच जणांना माहीत नसतं, कारण दिसत नाहीत, पानांत पान होऊन जातात. ऐकू येतात, डोक्यावरून ची-ची-ची करत सुसाट जातात आणि आपल्याला वाटतं कुठलातरी शिंजीर असेल. नेटवर फोटो जुळवताना एक सांभाळा, डोकं लाल असलेला दिसला तर तो श्रीलंकेतला, वेगळी जात आहे ती. आपल्याकडच्याचं डोकं हिरवंच.

आता माझा पराक्रम. मी पण खोक्यात टॉवेल घालून ठेवलेला. रात्री अकराला झाकण उघडलं तर हा वरच्या कडेला नखं रोवून वटवाघळासारखा उलटा, मान आत. मला वाटलं झटका आला. सोडवून टॉवेलवर नीट बसवला. दहा मिनिटांनी परत वर. परत काढला. हे मी पहाटे तीनपर्यंत केलं हो! लाइट लावून, हातात धरून, चमच्याने साखरपाणी चोचीला लावत. दिवसभराच्या धक्क्यानंतर त्या जिवाला झोप हवी होती आणि मी दर दहा मिनिटांनी त्याला उठवत होते. या पोपटांची झोपायची पद्धतच ती आहे, म्हणून तर नावात हँगिंग. वर पिचकारीसारखी पातळ शिट, म्हणजे जुलाब झाले म्हणून मी अजूनच घाबरले. अहो फुलांतला मध आणि मऊ फळं खाणारा पक्षी, त्याची शिट पातळच असणार. (भिंतीलगत ठेवलं असेल तर मागे पेपर लावा, लांबवर उडते.)

आणि एक गोष्ट जी मला अजून खुपते. कमरेच्या लाल पिसांत पानाच्या दोन-तीन हिरव्या फिती अडकलेल्या होत्या. कचरा समजून मी चिमट्याने उपटून टाकल्या, स्वच्छ केलं म्हणून खूश झाले. नंतर वाचलं की यांची मादी ढोलीत अंथरायला पानांच्या पट्ट्या तोडते आणि चोचीत न धरता पिसांत खोचून नेते. म्हणजे ती घर लावायला निघाली होती.

सकाळी घेऊन गेले एका कार्यालयात. कुठलं ते लिहीत नाही, लिहून उपयोग पण नाही. टेबलावरच्या माणसाने खोक्यात एकदा डोकावून सांगितलं, हा लव्हबर्ड आहे, पिंजऱ्यातून सुटलेला, परदेशी पक्षी आमच्यात येत नाही, दुकानात द्या. मी म्हटलं नक्की का, तर म्हणे मॅडम वीस वर्षं झाली नोकरीला. तिथून दुसरीकडे गेले, ते म्हणाले पोपट आहे, मग तो आधीच्यांचाच विषय, अर्ज लिहून परत त्यांच्याकडेच द्या. परत गेले तर साहेब फिल्डवर. दोन दिवस खोकं मांडीवर घेऊन रिक्षाने फिरवलं मी तिला. तिसऱ्या दिवशी सकाळी खाली पडलेली होती. लटकलेली नव्हती.

गंमत म्हणजे लव्हबर्डशी यांचं जवळचं नातं खरंच आहे, त्यांच्यातल्याही काही जाती असंच पिसांत खोचून सामान नेतात. पण लव्हबर्ड आफ्रिकेतले, हा इथला, आणि इथला रानातला पोपट पकडणं, विकणं, पाळणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. तेव्हा तुमच्या पोस्टखाली जे "किती गोड, ठेवून घ्या, माणसाळेल" लिहितायत त्यांच्याकडे दुर्लक्ष करा, माझं स्पष्ट मत आहे. फोन करायचाच तर वनविभागाच्या 1926 या हेल्पलाइनला करा आणि "पोपट सापडला" एवढंच न म्हणता जातीचं नाव सांगा, फोटो तयार ठेवा, नाहीतर माझ्यासारखं टोलवतील.

आत्ता काय करायचं तर मिरची-डाळ काढा. दूध, पोळी, भात काही नको. पिकलेल्या पेरूची नाहीतर केळ्याची फोड काडीला टोचून वरच्या बाजूला लावा, खायलाही उलटाच लटकेल. ड्रॉपरने पाणी घशात ओतू नका, श्वासनलिकेत जातं. खोक्याच्या वरच्या भागात एक खरखरीत फांदी आडवी घाला, झाकण लावा आणि अंधारात, मांजरापासून लांब ठेवून द्या. सारखं उघडून बघायचं नाही. व्हिडिओ पण नको प्लीज.

आणि उद्या उजाडल्यावर, पंख सारखे हलत असतील तर सोडून द्या. "दोन दिवस तब्येत सुधारू दे" हा मोह नको, कारण जानेवारी ते एप्रिल यांचा विणीचा काळ, आणि तुमच्या फोटोत गळ्यावरचा निळा ठिपका दिसत नाहीये, तो नराला असतो. मादी असावी. ढोलीत अंडी असतील तर त्यांना दोन दिवस परवडणारे नाहीत.

फोटोत मागे लाल फुलांचं झाड दिसतंय तो पांगारा आहे का? असेल तर त्याच्याच मधासाठी आलेली असणार. खोकं त्याच झाडाखाली उघडा, आणि तुम्ही मागे व्हा.